सपाट बडोद्यातून साताऱ्याच्या घाटात: बाहेरगावच्या डोंगरी मॅरेथॉनची तयारी

बडोदं समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५-४० मीटरवर वसलेलं, आणि चहूबाजूंनी सपाट. दांडिया बाजारातून निघून सयाजीबागेला दोन फेऱ्या मारा, फतेहगंजकडे वळा, परत अकोट्यापर्यंत जाऊन या. पायांना चढ लागतो तो एखाद्या पुलाचाच. अशा शहरात तयार झालेला धावक वडोदरा मॅरेथॉनची २१ किलोमीटरची शर्यत व्यवस्थित पुरी करतो, आणि मग ग्रुपमधलं कुणीतरी साताऱ्याचं नाव काढतं.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. पावसाळा सरत आला की, साधारण ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच्या एखाद्या रविवारी ती होते. अंतर तेच, २१ किलोमीटर. पण गावातले रस्ते संपले की यवतेश्वरचा घाट सुरू होतो, घाटमाथ्यावर कासच्या रस्त्याने पुढे जायचं, वळायचं आणि त्याच वाटेने खाली उतरून गावात परत यायचं. म्हणजे शर्यतीचा पूर्वार्ध चढाचा आणि उत्तरार्ध उताराचा.

सपाट शहरातले धावक अशा शर्यतीसाठी चढाचाच विचार करतात, आणि इथेच तयारीची दिशा चुकते. चढ दमवतो, पण चढावर चालता येतं. श्वास लागला की वेग आपोआप उतरतो आणि शरीर स्वतःला सांभाळून घेतं. उतारावर श्वासाला काही त्रास नसतो, त्यामुळे थांबवणारं कुणी नसतं. मांडीचे पुढचे स्नायू मात्र दर पावलाला ब्रेक लावत असतात. पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरला ते संपतात, आणि शेवटचे गावातले सपाट किलोमीटर लंगडत काढावे लागतात. म्हणून या लेखात उताराला जास्त जागा दिली आहे.

हे सगळं त्यांच्यासाठी, जे आज न थांबता दहा किलोमीटर धावू शकतात. त्याखाली असाल तर आधी घरच्या मैदानावर एक सपाट हाफ मॅरेथॉन करा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर नोंदणीच्या आधी डॉक्टरांना दाखवून या. घाट ही पहिल्यांदा छाती तपासायची जागा नव्हे.

आधी पंचांग, मग नोंदणी

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आपल्याकडे गणपतीचे दिवस. बडोद्यातल्या मराठी घरांत दीड दिवसाचा, पाच दिवसांचा, गौरींबरोबरचा, सगळे प्रकार आहेत. शर्यतीची तारीख जाहीर झाली की कालनिर्णय उघडून ती गौरी जेवणाच्या किंवा विसर्जनाच्या दिवसाला लागून तर येत नाही ना, ते बघा आणि घरात बोलून घ्या. घरची मंडळी नाराज ठेवून चौदा आठवडे पहाटे उठणं जमत नाही. शिवाय त्या दिवसांत पुण्याकडच्या रेल्वे आणि एसटी दोन्ही भरलेल्या असतात.

नोंदणी काही महिने आधी सुरू होते आणि अशा नावाजलेल्या शर्यतींत जागा पटापट भरतात. अर्ज भरताना तीन गोष्टी नीट वाचा: शर्यत किती वेळात संपवायची आहे, आधीच्या शर्यतीचा दाखला किंवा वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं का, आणि छातीवरचा क्रमांक, म्हणजे बिब, कुठे आणि कधी मिळणार. बहुतेक ठिकाणी बिब आदल्या एक-दोन दिवसांत स्वतः जाऊन घ्यावा लागतो, शर्यतीच्या पहाटे देत नाहीत. बाहेरगावच्या माणसासाठी हा नियम फार महत्त्वाचा, कारण त्यावरच गाडीचं तिकीट कोणत्या दिवसाचं काढायचं ते ठरतं.

नोंदणी पक्की झाली की लगेच राहायची खोली ठरवा, तिकिटाची वाट बघू नका. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलतं, तोपर्यंत साताऱ्यातली बरी लॉजं संपलेली असतात. धावणारे तर येतातच, पण सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर फुलं येतात आणि त्यासाठीही पुण्या-मुंबईहून गर्दी लोटते.

खोली निवडताना स्वस्त-महागापेक्षा अंतर बघा. शर्यतीच्या सकाळी रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाही, म्हणून सुरुवातीच्या ठिकाणापासून चालत जाता येईल अशीच जागा हवी. शर्यत आजवर पोलीस कवायत मैदानापासून सुटत आली आहे. तुमच्या वर्षीचा नकाशा आयोजकांकडून बघून घ्या आणि मग पोवई नाका, बसस्थानक या बाजूला शोधा. फोनवर स्पष्ट विचारा: "दादा, रविवारी पहाटे साडेचारला बाहेर पडायचंय. शटर उघडून द्यायला कुणी असेल ना? आणि परत आल्यावर गरम पाणी मिळेल ना?" हो म्हणाले तर पुढचा प्रश्न, खोली कितव्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. हा प्रश्न आत्ता गमतीचा वाटेल. रविवारी दुपारी जिना उतरताना त्याचं मोल कळेल.

चौदा आठवडे

सप्टेंबरच्या सुरुवातीची शर्यत धरली तर मेअखेरीस सुरुवात करावी लागते. बडोद्यात तेव्हा दुपारचा पारा चाळिशीपार असतो, म्हणून पहाटे पाचला रस्त्यावर, साडेसहाला घरात.

पहिले चार आठवडे फक्त सवय लावायची. आठवड्यातून चार दिवस धावणं, त्यातलं रविवारचं लांब अंतर दहावरून चौदा किलोमीटरवर न्यायचं, आणि दोन दिवस पायांचा व्यायाम. या व्यायामाला जिम लागत नाही. भिंतीला पाठ टेकून अधांतरी बसणं, पायरीच्या कडेवर टाचा वर-खाली करणं, आणि एक व्यायाम जो मी कुणालाही चुकवू देत नाही: घराच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय तीन आकडे मोजत अगदी हळू खाली टेकवायचा, पुन्हा वर. प्रत्येक पायाने दहा वेळा, तीन फेऱ्या. उतारावर गुडघ्याला जे काम पडतं ते नेमकं हेच आहे, फक्त इथे आपल्या ताब्यात आहे.

पाचव्या आठवड्यापासून एक दिवस चढाचा. घाटरस्त्याची चढण साधारण पाच-सहा टक्के असते, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच-सहा मीटर वर. शहरातल्या उड्डाणपुलाची त्याच्या निम्म्याच्या आसपास. गेंडा सर्कल ते मनीषा सर्कल हा साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला तेव्हा अनेक धावकांना वाटलं की आता घरचा घाट मिळाला. लांबीला भुलू नका. चढ फक्त टोकांना आहे, मधे सगळं सपाट, आणि वाहनं वेगात असतात. त्यापेक्षा फुटपाथ असलेला एखादा जुना रेल्वे ओव्हरब्रिज बरा. तिथे उजाडल्यावर, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, आठ-दहा फेऱ्या करा.

जिममध्ये ट्रेडमिल असेल तर चढाचा प्रश्न सुटतोच. पाच टक्क्यांवर चार मिनिटं धावणं, मग सपाटीवर दोन मिनिटं चालणं, असं पाच वेळा. पुढे आठ वेळांपर्यंत. वेग इतकाच ठेवा की एखादं छोटं वाक्य बोलता येईल. पावलं लहान, नजर पुढे, कंबरेतून वाकायचं नाही, घोट्यापासून किंचित पुढे झुकायचं. रविवारचं लांब धावणं या काळात १८ किलोमीटरपर्यंत न्या, त्याहून पुढे जायची गरज नाही.

उतार कुठून आणायचा

बहुतेक ट्रेडमिल खाली उतरत नाहीत, आणि बडोद्यात डोंगर नाही. तरी तीन जागा आहेत.

पहिली, तुमच्याच किंवा मित्राच्या सोसायटीचा जिना. सात-दहा मजल्यांची इमारत पुरे. लिफ्टने वर जायचं आणि जिन्याने खाली उतरायचं. वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पहाटे लिफ्ट सारखी वर-खाली जाताना बघून त्यांना काळजी वाटेल. पहिल्या दिवशी एकूण वीस-पंचवीस मजले, त्याहून जास्त नाही. पाय पूर्ण टेकवत, कठड्याजवळून, न उड्या मारता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतील. हे दुखणं अपेक्षित आहे आणि उपयोगाचंही आहे. स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर लावावा लागतो तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. ती भरून निघताना स्नायू असा मजबूत होतो की पुढचे काही आठवडे तेवढाच उतार त्याला तितका त्रास देत नाही. उताराचा सराव रोज करावा लागत नाही, ही या सगळ्यातली चांगली बातमी. दहा-बारा दिवसांतून एकदा पुरतो. मात्र दुखणं पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नको.

दुसरी जागा, तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प. लांबी थोडी, पण घाटापेक्षा तीव्र उतार, आणि जिन्यापेक्षा खऱ्या रस्त्याच्या जवळचा. इथे धावण्याची पद्धत शिकायची. उतारावर माणूस आपसूक मागे रेलतो आणि टाच पुढे आपटतो; त्याने गुडघ्याला हिसका बसतो आणि ब्रेक लागतो तो वेगळाच. त्याऐवजी पावलं लहान आणि भराभर, पाय शरीराच्या खालीच पडेल असा, गुडघा किंचित वाकलेला, हात थोडे बाजूला मोकळे. पायांचा आवाज ऐका. थपथप आवाज येत असेल तर पावलं अजून लांब पडताहेत. पावसाळ्यात रॅम्पवर पाणी आणि गाड्यांचं तेल मिसळून घसरडं होतं, त्या दिवशी सोडून द्या.

तिसरी जागा पावागढ, आणि तीच खरी. बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. पायथ्याच्या चांपानेरहून माचीपर्यंत वळणावळणांचा डांबरी घाट आहे, आणि माचीपासून वर कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या. तालमीसाठी डांबरी रस्ताच घ्या. पायऱ्यांवर दर्शनाला निघालेली माणसं असतात, कडेवर पोरं असतात, त्यांच्यातून धावत उतरणं बरोबर नाही. देवळात जायचं असेल तर बूट पिशवीत घालून, धावणं संपल्यावर, सावकाश जा. पहाटे चारला बडोद्यातून निघालात तर उजाडताना पायथ्याशी असाल. चढ चालत-धावत, उतार शिकल्याप्रमाणे. आणि खाली आल्यावर थांबायचं नाही. चांपानेरच्या तटबंदीच्या बाजूने सपाट रस्त्यावर आणखी दोन-तीन किलोमीटर धावायचं. उतारावरून सपाटीवर येताच पाय लाकडासारखे होतात, वेग कळेनासा होतो. साताऱ्यात गावात परतताना हेच होणार असतं, आणि ते आधी एकदा अनुभवलेलं असलं की माणूस घाबरत नाही. नवरात्र, पौर्णिमा आणि सुट्टीची सकाळ टाळा.

जुलैमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा पावागढ व्हावा. शेवटचा शर्यतीच्या तीन आठवडे आधी, त्यानंतर अवघड उतार नाही. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा आणि झोप वाढवा. या दिवसांत पाय उगाच शिवशिवतात, आपण मागे पडलो असं वाटतं. काही मागे पडत नाही.

पावसाळ्यातलं बडोदं

तयारीचा मुख्य काळ नेमका पावसाचा. विश्वामित्रीला पाणी वाढलं की सयाजीबाग आणि नदीकाठचे रस्ते विसरा. पूर आला की मगरी वस्तीत शिरतात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहराने ते पुन्हा पाहिलं, आणि पाणी ओसरल्यावरही काही दिवस काठच्या झाडोऱ्यापासून लांब राहिलेलं बरं. तुंबलेल्या पाण्यातून धावू नका, खाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही. अशा आठवड्यात जिना आणि ट्रेडमिलवर भागवा. हलक्या पावसात मात्र मुद्दाम बाहेर पडा. ओल्या मोज्यांत दोन तास पायाचं काय होतं, कुठे घासतं, व्हॅसलीन कुठे लावावं लागतं, हे साताऱ्याला जाण्याआधी कळायला हवं.

प्रवास

रविवारी शर्यत असेल तर शुक्रवारी रात्री बडोदं सोडून शनिवारी सकाळी पोचणं हे कमीत कमी. जमत असेल तर गुरुवारीच निघा, म्हणजे शुक्रवारची रात्र पलंगावर जाते. शर्यतीच्या आदल्या रात्री कुणालाच नीट झोप लागत नाही, त्याने फारसं बिघडत नाही. तिच्या आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची, आणि ती गाडीत हलत काढू नये असं माझं ठाम मत आहे.

बडोद्याहून पुण्याला रात्रीच्या गाड्या आहेत. शिवाय बेंगळुरू-म्हैसूरकडे जाणाऱ्या काही गाड्या पुणे, सातारा, मिरज या मार्गाने जातात, पण त्या रोज नसतात. तुमच्या वाराला जुळली तर थेट साताऱ्याला उतरता येतं. सातारा स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून रिक्षा करावी लागते. पुण्यात उतरलात तर स्वारगेटहून साताऱ्याला एसटी सतत सुटतात, अंतर ११० किलोमीटरच्या आसपास. वाटेत खंबाटकीचा घाट लागतो.

शर्यतीला लागणारी प्रत्येक गोष्ट पाठीवरच्या सॅकमध्ये, उशाशी. मोठी बॅग हरवली तरी शर्यत व्हायला हवी. बूट निदान शंभरेक किलोमीटर धावलेले, मोजे दोन जोड, चड्डी आणि टीशर्ट जे लांब धावण्यात वापरलेत तेच, पुढे झडप असलेली टोपी कारण पाऊस डोळ्यांवर येतो, सेफ्टी पिना, व्हॅसलीन, मीठ-साखरेची पुडी, ओळखपत्र, आणि कचऱ्याची एक मोठी प्लास्टिक पिशवी. तिला डोक्या-हातांसाठी भोकं पाडली की सुरुवातीच्या रांगेत पावसात उभं राहायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. प्रवासाला निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं कापा, आदल्या दिवशी नाही.

गाडीतल्या जेवणाला घरचा डबा. ठेपले, दही-भात, केळी. विकतचे तळलेले पदार्थ आणि उघडं पाणी शर्यत होईपर्यंत नको. दर दीड-दोन तासांनी उठून डब्याच्या दारापर्यंत चालून या, बसल्या जागी घोटे फिरवा.

साताऱ्यातला शनिवार

बिब घ्या, त्याच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहा, आणि मग शर्यतीचा रस्ता गाडीने बघून या. रिक्षा ठरवा किंवा कासकडे जाणारी एसटी पकडा. घाट नेमका कुठून सुरू होतो, सर्वांत खडा तुकडा कोणता, यवतेश्वर कधी येतं, त्यापुढे रस्ता पुन्हा खाली-वर कसा होतो, एवढं डोळ्यांत साठवा. पुढच्या दिवशी धुकं असेल आणि दहा मीटर पलीकडचं दिसणार नाही, तेव्हा ही माहिती कामाला येते.

उंचीची धास्ती घेऊन येणारेही भेटतात. सातारा ७०० मीटरच्या आसपास आहे आणि शर्यतीचा माथाही दीड हजार मीटरच्या बराच खाली राहतो. एवढ्या उंचीला हवा विरळ झाल्याचा त्रास होत नाही. धाप लागते ती चढाने. उलट बडोद्याच्या भादव्यातल्या उकाड्यातून येणाऱ्याला इथली गार, भिजलेली हवा फार मानवते. फक्त घामाकडे लक्ष जात नाही आणि पाणी प्यायचं राहतं.

अजिंक्यतारा समोर उभा असतो आणि मोह होतो. शनिवारी चढायचा नाही. बडोद्याच्या मराठी माणसाला सातारा पाहावासा वाटणं साहजिक आहे, गायकवाडांना 'समशेर बहाद्दर' हा किताब इथल्याच शाहू छत्रपतींनी दिला. शनिवारी छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय बघा, तेही बसत-उठत. किल्ला, सज्जनगड, ठोसेघर पुढच्या वेळेला.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आत: वरण-भात, तूप, एखादी कमी तिखट भाजी. इथल्या कांदा-लसूण मसाल्याची चव उद्या दुपारी घ्या. खाणावळीत "मावशी, माझ्या भाजीला तिखट कमी टाका, उद्या धावायचंय" असं सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. सकाळची केळी, ब्रेड, खजूर रात्रीच खोलीवर आणून ठेवा. पहाटे चारला काहीही उघडं नसतं.

पहाट आणि चढ

सुटण्याच्या दोन-अडीच तास आधी उठून खा, रोज घेत असाल तर चहाही घ्या. सराव करताना जे खाल्लं तेच. दुखण्याची गोळी धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका, त्या गोळ्या आणि अंगातलं कमी झालेलं पाणी मिळून मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

सुरुवातीचे किलोमीटर गावातून जातात. ढोल असतात, पोरं टाळ्यांसाठी हात पुढे करतात, आज्या अंगणातून हाक देतात, "चला, चला, थांबू नका!" आणि हे सगळं आपल्या भाषेत. अंगावर काटा येतो आणि वेग वाढतो. इथे स्वतःला आवरा. घाटाच्या तोंडाशी पोचताना असं वाटलं पाहिजे की आपण मुद्दाम हळू आलो.

घाटात घड्याळातला वेग बघणं बंद. एक टक्का चढामागे किलोमीटरला आठ-दहा सेकंद सहज जातात, म्हणजे पाच-सहा टक्क्यांवर पाऊण मिनिट ते एक मिनिट, सावकाश धावणाऱ्याचं त्याहून जास्त. सपाटीवर सव्वादोन तास लागत असतील तर इथे पहिल्या वेळी अडीच ते पावणेतीन धरून चला. श्वासावर जा. वाक्य बोलता येत नसेल तर चाला, पण ठरवून चाला: विजेच्या दोन खांबांमध्ये धावणं, पुढच्या दोन खांबांमध्ये झपझप चालणं. असं करणारे माथ्यावर पोचेपर्यंत, सतत धावून मधेच उभे राहिलेल्यांना मागे टाकतात. पाणी तहानेप्रमाणे, प्रत्येक टेबलावर दोन-तीन घोट. भरमसाठ पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम घसरतं.

उतार

वळसा घेतला की पुढच्या पाण्याच्या टेबलाजवळ कडेला व्हा आणि एक मिनिट खर्च करा. दोन खजूर खा, बुटाच्या नाड्या सोडा. बहुतेक धावण्याच्या बुटांना घोट्याजवळ एक जादा भोक असतं, जे कुणी वापरत नाही. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत ओवून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्या फासातून काढा, तसंच उलट, आणि मग खाली-मागे ओढून गाठ मारा. टाच बुटाच्या मागच्या भिंतीला घट्ट बसते, पाऊल पुढे सरकत नाही, आणि अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळं पडत नाही. घरी दोन-चारदा करून बघा, म्हणजे गार पडलेल्या बोटांनीही जमेल.

माथ्यावर अजून छोटे चढ येतात, तिथे नाराज होऊ नका. घाट खरा उतरू लागला की पहिला किलोमीटर मुद्दाम आवरून. सगळे भर्रकन पुढे जातील, जाऊ द्या. लहान, भराभर पावलं, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे आणि रस्त्यात बसवलेले चमकते दिवे यांवर पाय टाकू नका, दोन्ही घसरवतात. संरक्षक कठड्यालगत शेवाळ असतं. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, तिथे अगदी कडेने न धावता आपल्या मार्गिकेत जितकं सपाट मिळेल तितकं घ्या. वर येणाऱ्यांची बाजू मोकळी सोडा. मांडी थरथरायला लागली तर अर्धा मिनिट चाला, पावलं अजून लहान करा.

गावात उतरल्यावरचे शेवटचे किलोमीटर पावागढच्या पायथ्यासारखे. पाय जड होतील. हात जरा जोरात हलवा, पाय त्यांच्या मागे येतात.

नंतर

शर्यत संपताच खाली बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चाला, मग कोरडे कपडे, मग खाणं. मीठ घातलेलं लिंबू सरबत, पोहे, आणि कंदी पेढा आता हवा तेवढा. त्याच रात्रीची गाडी धरण्यापेक्षा सोमवारची धरा. ज्यांना रविवारीच निघावं लागतं त्यांनी खालचा बर्थ घ्यावा, पाणी पीत राहावं आणि दर तासाभराने उठून चालावं. मोठ्या श्रमांनंतर तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो.

मांड्या सर्वांत जास्त दुखतील त्या सोमवारी-मंगळवारी. जिना उतरताना कठडा धरून आडवं उतरा. चालणं, गरम पाणी, झोप, भरपूर डाळ-भात, एवढंच औषध. लघवी गडद तपकिरी झाली, किंवा एकाच पोटरीला सूज आली, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

पहिलं धावणं आठवड्यानंतर, सयाजीबागेत, वीस मिनिटं. जिना आणि पावागढ आणखी तीन आठवडे नको.